‘सिनगॅस फर्मेंटेशन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (दादर)

शहरी कचऱ्यापासून इंधन तयार करण्याविषयीच्या एका अहवालाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यात ‘सिनगॅस फर्मेंटेशन’ हा शब्दप्रयोग पानोपानी येतो. कचरा, शेतातील काडीकचरा किंवा कोळसा अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये तापवून त्याचा वायू करायचा आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांचे ते मिश्रण जिवाणूंना पुरवून इथेनॉल किंवा ॲसेटिक आम्ल मिळवायचे, अशी ही प्रक्रिया आहे. मी ‘संश्लेषण वायूचे किण्वन’ असे लिहिले. सहकाऱ्यांचा आग्रह ‘आंबवणे’ या शब्दासाठी आहे. पीठ आंबते, मळी आंबते, पण वायू आंबतो असे म्हणता येईल का?

उत्तर (चेंबूर)

किण्वनाविषयी जाणकार सांगतीलच. मला ‘संश्लेषण वायू’विषयी सावध करायचे आहे. आमच्या भागातील खतकारखान्यात ‘सिनगॅस’ म्हटले की अमोनियासाठी तयार केलेले हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे तीनास एक प्रमाणातील मिश्रण समजले जाते. त्यात कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ उरूच देत नाहीत, कारण तो अमोनियाच्या उत्प्रेरकाला विषासमान असतो. आपल्या अहवालातील जिवाणूंचे तर तेच मुख्य अन्न आहे. एकाच संज्ञेचे हे दोन अर्थ असल्यामुळे पहिल्या उल्लेखातच घटक वायूंची नावे द्यावीत. ‘कोळसा वायू’ हा जुना शब्द मात्र टाळावा. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 साली जे गॅसचे दिवे लागले, त्यांचा वायू कोळशाचाच होता. पण त्यात मिथेन भरपूर असे आणि हे जिवाणू मिथेन खात नाहीत.

उत्तर (माटुंगा)

‘किण्व’, म्हणजे मद्य आंबवण्यासाठी घालायचे बीज, हा शब्द पाठ्यपुस्तकवाल्यांनी घडवलेला नाही. कौटिल्याने मद्यनिर्मितीच्या संदर्भात तो वापरला आहे, आणि जडद्रव्यातून चैतन्य कसे उपजते हे सांगताना चार्वाकमतातही किण्वापासून येणाऱ्या मादकतेचाच दाखला दिला जातो. तेव्हा मद्यार्क देणाऱ्या प्रक्रियेला ‘किण्वन’ म्हणण्यात कृत्रिम असे काहीच नाही.

‘आंबवणे’ या शब्दात आंबटपणा गृहीत आहे, आणि गंमत अशी की मळीपासून मद्यार्क काढण्यापेक्षा हा शब्द येथे अधिक चपखल बसतो. क्लॉस्ट्रिडियम युंगडालीसारखे जिवाणू कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनपासून प्रथम ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, तयार करतात. द्रावण पुरेसे आम्लधर्मी झाले की त्यांचा कल इथेनॉलकडे वळतो. म्हणजे ही टाकी शब्दशः आंबते. तरीही अहवालात मी हे क्रियापद वापरणार नाही, कारण ‘आंबवलेला वायू’ असे वाचल्यावर वायू टाकीतच राहून बिघडला, असा भास होतो.

काटेकोर जीवरसायनशास्त्रज्ञ ‘किण्वना’वरही हरकत घेतील. त्यांच्या व्याख्येनुसार किण्वनात सेंद्रिय अन्नच इलेक्ट्रॉन देते आणि त्यापासून झालेला सेंद्रिय पदार्थच ते स्वीकारतो. येथे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन इलेक्ट्रॉन देतात, कार्बन डायऑक्साइड ते घेतो, आणि पेशीला मिळणारी ऊर्जा बरीचशी पेशीपटलाच्या दोन बाजूंना आयनांच्या प्रमाणात पडणाऱ्या फरकातून येते. या मार्गाला हारलँड वुड आणि लार्स युंगडाल यांची नावे आहेत; वरच्या जिवाणूचे नावही याच युंगडाल यांच्यावरून पडले. पण उद्योगात टाकीत जिवाणू वाढवून पदार्थ मिळवण्याच्या कोणत्याही कृतीला फर्मेंटेशन म्हणतात. पेनिसिलीन तयार करताना टाकीत हवा सतत खेळवावी लागते, तरी तेही फर्मेंटेशनच ठरते. हा व्यापक अर्थ मराठीतील ‘किण्वना’लाही आता चिकटला आहे आणि तो खरवडून काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

‘वायुकिण्वन’ असा सुटसुटीत समास सुचतो, मात्र त्यात एक खाच आहे. ‘हवेच्या सान्निध्यात होणारे किण्वन’ असाही त्याचा अर्थ कोणी लावील, आणि या जिवाणूंना तर ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून प्रथम ‘संश्लेषण वायूचे किण्वन’ असे पूर्ण लिहून, अर्थ स्पष्ट करून, पुढे ‘वायुकिण्वन’ वापरावे.

पुढील विचारणा (दादर)

दोघांचाही आभारी आहे. अहवालात पोलादाच्या कारखान्यातील वायूपासून केलेल्या इथेनॉललाही ‘बायोफ्युएल’ म्हटले आहे. तेथे ‘जैवइंधन’ लिहावे का?

उत्तर (माटुंगा)

माझ्या मते लिहू नये. लान्झाटेक या कंपनीच्या तंत्राने 2018 साली चीनमध्ये आणि नंतर बेल्जियममधील गेंट येथे पोलाद कारखान्याच्या वायूपासून इथेनॉल काढले जाऊ लागले. आपल्याकडे पानिपतला इंडियन ऑइलने तेलशुद्धीकरणातील वायूसाठी त्याच तंत्राचा प्रकल्प उभारला आहे. या सर्व ठिकाणी काम जिवाणूच करतात, पण कार्बन कोळशातला किंवा खनिज तेलातला असतो. ‘जैव’ हे विशेषण कर्त्याला लावायचे की कच्च्या मालाला, हा येथे खरा प्रश्न आहे, आणि इंधनाच्या बाबतीत ते कच्च्या मालाला लावण्याचा प्रघात आहे. युरोपीय संघाच्या 2018 च्या निर्देशातही अशा इंधनांचा वर्ग जैवइंधनांपासून वेगळा ठेवला आहे. त्याला ‘पुनर्वापरित कार्बनचे इंधन’ म्हणता येईल. काडीकचऱ्याच्या वायूपासून केलेले इथेनॉल मात्र निःसंशय जैवइंधन होय. शहरी कचऱ्यात भाज्यांची देठे आणि प्लास्टिक एकत्र जळत असल्याने तेथे ‘अंशतः जैव’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

उत्तर (चेंबूर)

याच्याशी सहमत आहे. आणखी एक सूचना अशी की जिवाणूंना देण्यापूर्वी वायूच्या होणाऱ्या ‘क्लीनिंग’साठी नुसते ‘शुद्धीकरण’ लिहून पुढे जाऊ नये, तर कोणता घटक काढायचा तेही लिहावे. फ्लोरिडातील व्हेरो बीच येथील प्रकल्पाने 2013 साली इथेनॉल तयार करण्यास आरंभ केला. पण वायूतील हायड्रोजन सायनाइडमुळे जिवाणूंना अपाय होऊ लागला आणि त्या प्रकल्पाला पुरेसे उत्पादन कधीच गाठता आले नाही. डांबर, गंधकयुक्त वायू आणि सायनाइड वेगवेगळ्या रीतींनी काढावे लागतात.

पुढील विचारणा (दादर)

‘इनॉक्युलम’साठी, म्हणजे टाकीत आरंभी सोडायच्या जिवाणूंसाठी, ‘विरजण’ चालेल का?

उत्तर (माटुंगा)

अवश्य चालेल. घरच्या विरजणात अनेक जातींचे जिवाणू एकत्र नांदतात, तर या प्रकल्पांत बहुधा एकाच जातीचे, लहान बाटलीपासून क्रमाने मोठ्या पात्रांत वाढवलेले जिवाणू टाकीत सोडतात. तेव्हा पहिल्या वेळी ‘एकाच जातीच्या जिवाणूंचे विरजण’ असे लिहावे.