कॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात खाली काय टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. आमच्याकडे येमेनची व्हेल्ड कॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची जात) आहे, मादी (आपल्याकडचा जंगलातला सरडा नाही बरं, तो पाळायला कायद्यानं बंदी आहे, हिची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली आहे). आधी खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकलं होतं, दिसायला टकाटक, पण परवा तिनं झुरळावर जीभ मारली न त्यासोबत कोकोपीटचा गोळाच तोंडात गेला, तेव्हापासून माझा जीव टांगणीला, कारण असलं पोटात गेलं की आतडं अडकतं म्हणतात. वाळू न झाडाच्या सालीचे तुकडे तर त्याच कारणानं नकोच.

सध्या टिश्यू पेपर टाकतो, रोज बदलतो. पण दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारावा लागते, तर तो लगदा होऊन जाते न किडे त्याच्याखाली लपतात. मे महिन्यात ४५ डिग्रीत फवारा कमी तरी कसा करू?

तळ सरळ मोकळाच ठेवून खाली पाणी जमायला ट्रे लावला तर चालेल का? आणि अंडी घालायला ओल्या वाळूचा खोल डबा वेगळा ठेवावाच लागते ना, मग त्यातली वाळू नाही का खाणार ती? कोणी ठेवला असेल तर सांगा भाऊ, फोटो टाकला तर लईच बरं.