गड्डा यात्रेवरचा टाइम लूप गेम: फेरी संपल्यावर कोणाला काय आठवायचं?

होममैदान_रात्र (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातले आम्ही तिघं गोडो ४ या गेम इंजिनमध्ये एक गेम करतोय. गोष्ट सिद्धेश्वर यात्रेतली. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा, तिसऱ्या दिवशी होम प्रदीपन आणि चौथ्या रात्री शोभेचं दारूकाम. दारूकामाचा पहिला बाण फुटला की काळ मागे जातो आणि पुन्हा पहिल्या दिवसाची पहाट होते. नायिका जकार्ड मागावर चादरी विणते, तिचा धाकटा भाऊ गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, हरवलाय. दर फेरीत तिची एक आठवण पुसली जाते.

अडलंय ते असं. चार दिवस खऱ्या किती मिनिटांत बसवावेत? दुसऱ्या फेरीत शेंगा चटणीचा स्टॉलवाला तिला आधीच ओळखतो, सीन (गेममधलं दृश्य) नव्याने लोड केला तरी. तिसरं सगळ्यात अवघड: तिला विसरायला लावलं तरी समोर बसलेला खेळाडू विसरत नाही. कपाटाच्या कुलपाचा आकडा त्याला पाठ असतो. मग विसरण्याला अर्थ काय उरतो?

सात_नंदीध्वज

आधी घड्याळ. ‘मेजोराज मास्क’ या टाइम लूप गेममध्ये (२०००) तीन दिवसांचे ७२ तास साधारण ५४ मिनिटांत संपतात, म्हणजे गेममधला एक तास ४५ सेकंदांचा. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (२०१९) सगळी फेरी २२ मिनिटांची, कारण तिथे शोधायचं आहे ते ज्ञान आणि मरण वरचेवर येतं. तुमच्याकडे माणसं, गप्पा आणि मिरवणूक आहे, त्यामुळे पहिल्याच्या जवळ राहा. रोज सकाळी ६ ते रात्री १० धरा: १६ तास, चार दिवसांचे ६४. एक तास ४० सेकंदांचा केला तर फेरी ४२ मिनिटं ४० सेकंदांत बसते.

हा ४० चा आकडा मुद्दाम सुचवतोय. गोडोचा फिजिक्स टिक (इंजिनच्या घड्याळाचा एक ठोका) मुळात सेकंदाला ६० वेळा चालतो, म्हणजे गेममधलं एक मिनिट बरोबर ४० टिकांचं आणि अख्खी फेरी १,५३,६०० टिकांची. वेळ पूर्णांकातच साठवा. फ्रेमगणिक डेल्टा (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) मिळवत गेलात तर दोन मशीनवर दोन वेगळ्या बेरजा येतात, आणि ‘वेळ == ७:३०’ अशी अट कधीतरी चुकतेच. अट नेहमी ‘ठरलेल्या वेळेपेक्षा मागचा टिक लहान, आत्ताचा टिक मोठा किंवा समान’ अशी लिहा.

पात्रांना ‘आता तिकडे जा’ असे हुकूम देऊ नका. प्रत्येकाचा तक्ता करा: सुरुवातीचा टिक, शेवटचा टिक, जागा, अट. टिक दिला की पात्र कुठे आहे ते तक्त्यावरून कळलं पाहिजे, खेळाडू तिकडे पाहत असो वा नसो. नाहीतर खेळाडू पार्क चौकात असताना बाळीवेसेतली माणसं गोठून राहतात आणि तो तिकडे गेला की उशिरा चालू लागतात.

यादृच्छिक आकडेही सगळ्यांना एकाच जनरेटरमधून देऊ नका. खेळाडूने एक जादा फासा टाकला की पुढे सगळ्या शहराचं नशीब बदलतं आणि ‘मागच्या फेरीत असंच झालं होतं’ हा विश्वासच उडतो. प्रत्येक पात्राला स्वतःचा जनरेटर द्या, त्याचं बीज (सुरुवातीचा आकडा) पात्राच्या नावावरून.

आणि एक मनापासून: हिरेहब्बू वाड्यापासून निघणारी नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरच्या अक्षता या घटना खेळाडूच्या हाताने हलू देऊ नका. त्या अढळ ठेवल्या की गेमला कणा मिळतो. मिरवणूक रस्त्यात असेपर्यंत पलीकडे जाता येत नाही, हे कोडं तर आयतंच मिळतंय. बदलायचंय ते गड्ड्यातल्या माणसांचं बदला.

पुठ्ठ्याचं_भोक

स्टॉलवाला ओळखतो, कारण त्याची आठवण सीनमध्ये नाहीच. दोन जागा तपासा. ऑटोलोडमध्ये (सीन बदलला तरी चालू राहणाऱ्या भागात) ठेवलेली कुठलीही गोष्ट सीन नव्याने लोड केल्यावर तशीच राहते. दुसरी जागा रिसोर्स फाइल, म्हणजे पात्राची वगैरे माहिती साठवणारी फाइल. रिसोर्सला कोणी धरून ठेवलेलं असेल तर गोडो तो कॅशमधूनच (आधी लोड केलेली प्रत) देतो; ‘भेट झाली’ हा झेंडा (हो-नाहीची खूण) त्यात लिहिला असेल तर पुढच्या फेरीत तोच उष्टा रिसोर्स हातात येतो. फेरीच्या सुरुवातीला खोल डुप्लिकेट, म्हणजे आतल्या रिसोर्ससकट प्रत, काढा. ४.५ च्या आधीच्या गोडोत ॲरे आणि डिक्शनरीच्या आतले उपरिसोर्स खोल डुप्लिकेटमध्येही कॉपी होत नाहीत, ते हाताने करावे लागतात. युनिटी हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांनाही हेच भूत स्टॅटिक व्हेरिएबल आणि स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमधून छळतं.

पक्का इलाज म्हणजे सगळी अवस्था दोन वह्यांत वाटणं. फेरीच्या वहीत पैसे, सामान, कोण कुठे, कोणाला काय कळलंय. कायमच्या वहीत फक्त तुम्ही मुद्दाम लिहाल तेवढंच. तिसरीकडे काहीही नको. रीसेटचा क्रमही ठरलेला हवा: इनपुट बंद, कायमची वही तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलणं, फेरीची वही फेकून देणं, कोऱ्यावरून नवी बांधणं, मग पडदा उघडणं. आधी फेकलं आणि लिहिता लिहिता लाइट गेली, तर खेळाडूचं सगळं गेलं.

गळती पकडायला नवी बांधलेली फेरीची वही नोंदींच्या नावांच्या (की) क्रमाने मजकुरात उतरवा आणि तिचा एमडी५ (मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. पहिल्या फेरीचा आणि विसाव्या फेरीचा तंतोतंत एक आला पाहिजे. वेगळा आला तर दोन्ही मजकूर शेजारी ठेवा, चुकलेली ओळ लगेच दिसते.

आता कायमच्या वहीत काय जाणार, याला गेमच्या जगातलं कारण लागतं. ‘मेजोराज मास्क’मध्ये हातातले पैसे जातात, बँकेतले राहतात, कारण बँकवाला अंगावर शिक्का मारतो. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये पुतळ्याशी जोडणी होईपर्यंत लूप नसतोच, त्याआधी मेलात तर गेम संपतो. तुमच्या नायिकेकडे याहून सुंदर वस्तू आहे: जकार्डचा पुठ्ठा, ज्याच्या भोकांवरून माग नक्षी विणतो. एका पुठ्ठ्यावर ठरावीक जागा, एका जागेला एक माहिती, कळली की भोक. भोक बुजत नाही, फेरीनंतरही राहतं. पाचवी फेरी सुरू करताना ती पुठ्ठे मागावर चढवते आणि चादरीवर नक्षी उमटते: एक फुगेवाला, एक कुलूप, एक काठी. कोडमध्ये हे नुसते बिट (० किंवा १), साठवायला अगदी सोपे.

होममैदान_रात्र

डुप्लिकेटचंच होतं, स्टॉलवाला आता अनोळखी झाला! पुठ्ठा घेतोच. पण कुलपाचं काय?

कंबर_तलाव

खेळाडूची आठवण पुसता येत नाही, तर तिच्याशी भांडू नका. कुलपाचे आकडे पाठ राहू देत, आठवून उघडलेलं कपाट हाच लूपचा आनंद आहे. दर फेरीत आकडा बदलला तर तो शिक्षा वाटतो. नायिकेकडून काढून घ्यायचं ते आकडे नाही, नाती आणि कारणं. खेळाडूला माहीत असतं की पाळणेवाला मामा आहे, पण तिचा संवाद आता ‘ओ पाळणेवाले’ असा सुरू होतो, आणि ‘मामा, भाऊ दिसला का?’ हा पर्याय यादीतच येत नाही. खेळाडूला ठाऊक आहे आणि तिला नाही, ही फट दुखली पाहिजे.

यासाठी तीन वेगळे झेंडे ठेवा: खेळाडूने पाहिलं, नायिकेला आठवतं, समोरच्या पात्राला कळलंय. पहिला आणि दुसरा कायमच्या वहीत, तिसरा फेरीच्या. बहुतेक गेम पहिले दोन एकच धरतात आणि तिथेच फसतात. पहिल्याचा उपयोग संवाद पुढे ढकलायलाही होतो: ऐकलेलं वाक्य एका बटणात संपावं, नाहीतर तिसऱ्या फेरीत माणूस कंटाळून उठेल.

कुठली आठवण जाणार, हे नशिबावर सोडू नका. दारूकामाच्या आधी नायिकेलाच तीनमधली एक सोडून द्यायला लावा. जिच्यावर पुढचा रस्ता अवलंबून आहे ती त्या तिनांत कधीच येऊ नये. त्यासाठी प्रत्येक आठवणीला ‘हिच्याशिवाय दुसरा रस्ता आहे का’ असा रकाना ठेवा. एक पात्र मात्र मागच्या फेऱ्यांतलं सगळं आठवणारं असू द्या. ‘डेथलूप’ या गेममध्ये (२०२१) ज्युलियाना आठवत राहते आणि नायक कोल्ट सुरुवातीला विसरलेला असतो, तिथेच त्यांच्या बोलण्याला धार येते. तुमच्याकडे ते पात्र भाऊच असेल, तर त्याच्या वाक्यांना फेरीचा क्रमांक जोडा आणि पहिल्या सात-आठ फेऱ्यांची वाक्यं हाताने लिहा.