ऑफिसच्या ईपीएबीएक्सवरून मोबाइलवर येणाऱ्या कॉलमध्ये मूळ नंबर कसा दाखवावा? मदत हवी आहे

नमस्कार,

आमच्या कार्यालयातील टेलिफोन यंत्रणेची एक अडचण सोडवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी दूरसंचार क्षेत्रातला नाही. संगणक विभागात असल्यामुळे "फोनचेही तुम्हीच बघा" असे सांगण्यात आले, एवढाच माझा या विषयाशी संबंध. त्यामुळे एखादी संज्ञा चुकीची वापरली गेल्यास सांभाळून घ्यावे.

कार्यालयात ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारा ईपीएबीएक्स, म्हणजे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, आहे आणि त्याची मांडणी आम्ही फ्रीपीबीएक्स या वेब पॅनेलमधून करतो. बाहेरची जोडणी एका एसआयपी ट्रंकवरून, म्हणजे इंटरनेट पद्धतीने कॉल वाहून नेणाऱ्या लाइनवरून, होते. त्यावर एक मुख्य नंबर आणि त्याच मालिकेतील काही थेट नंबर, म्हणजे डीआयडी, मिळालेले आहेत. आतील एक्स्टेन्शन तीन आकडी आहेत. कामानिमित्त सतत बाहेर असणाऱ्या नऊ जणांसाठी ‘फॉलो मी’ सुरू केले असून, त्यांच्या टेबलावरचा फोन वाजू लागला की त्याच वेळी त्यांचा मोबाइलही वाजतो. कॉल येण्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती मोबाइलवर जो नंबर दिसतो त्याबद्दल.

बाहेरून कोणत्याही ग्राहकाने फोन केला तरी मोबाइलवर आमचाच मुख्य नंबर उमटतो. नऊही जणांनी तो ‘ऑफिस’ या नावाने सेव्ह केलेला असल्यामुळे दिवसभरात आलेले वीस-पंचवीस कॉल त्यांच्या यादीत एकाखाली एक ‘ऑफिस’, ‘ऑफिस’, ‘ऑफिस’ असेच दिसतात. त्यांतला कोणता कॉल ग्राहकाचा, कोणता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा आणि कोणता स्वागतकक्षातून आलेला, हे फोन उचलेपर्यंत कळत नाही, आणि कॉल चुकला तर नंतरही कळत नाही. मिस्ड कॉलवर उलट फोन केला की तो स्वागतकक्षात लागतो, तिथे "मला आत्ता कोणाचा फोन आला होता?" असे विचारले जाते, आणि ऑपरेटरला कॉलची नोंदवही उघडून वेळेवरून नंबर शोधून द्यावा लागतो. आमच्या ऑपरेटर मॅडमनी हे काम महिनाभर विनातक्रार केले. आता त्यांनी लेखी तक्रार दिली आहे.

उलट दिशेनेही प्रश्न आहेच. मोबाइलवरून ग्राहकाला फोन केला की त्याच्याकडे कर्मचाऱ्याचा खासगी नंबर जातो, आणि मग कार्यालयीन वेळेनंतरही त्याच नंबरवर फोन येत राहतात. नंबरच्या आधी #31# लावून तो लपवण्याचा उपाय आम्ही करून पाहिला. त्याने नंबर लपतो हे खरे, पण अनोळखी, नंबरविरहित कॉल पुष्कळ ग्राहक उचलतच नाहीत.

मी आतापर्यंत दोन प्रयोग केले. पहिल्यात, येणाऱ्या कॉलच्या नावाआधी ‘ऑफिस’ हा शब्द जोडण्याची सोय वापरली. टेबलावरच्या फोनवर तो शब्द व्यवस्थित दिसतो, मोबाइलवर मात्र त्याचा मागमूसही नसतो. दुसऱ्यात, ट्रंकच्या मांडणीत कोणताही कॉलर आयडी, म्हणजे समोरच्याला दिसणारा नंबर, पाठवण्याची परवानगी देऊन पाहिली. त्याबरोबर ग्राहकांचे कॉल मोबाइलवर जाणेच थांबले आणि नोंदींमध्ये ट्रंककडून 403 असा नकार दिसू लागला. अर्ध्या तासात सगळे पूर्ववत केले.

मला विचारायचे आहे ते असे की, मूळ कॉल करणाऱ्याचा नंबर मोबाइलवर दाखवणे आमच्या हातात आहे की सेवा देणाऱ्या कंपनीच्या? तो दिसू लागला तर हा कॉल कार्यालयामार्फत आला आहे, हे कर्मचाऱ्याला ओळखता येईल का? आणि मोबाइलवरून केलेल्या कॉलमध्ये कार्यालयाचा नंबर जावा यासाठी सुरक्षित मार्ग कोणता?

प्रतिसाद १

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी एक गैरसमज दूर करतो. ‘फॉलो मी’मध्ये ईपीएबीएक्स आलेला कॉल पुढे ढकलत नाही. तो मोबाइलला स्वतःच्या वतीने एक नवा, दुसरा कॉल लावतो आणि उचलला गेला की दोन्ही जोडतो. म्हणून अशा प्रत्येक कॉलला ट्रंकवरचे दोन चॅनल, म्हणजे एकाच वेळच्या दोन कॉलची जागा, लागते, आणि म्हणूनच त्या दुसऱ्या कॉलचे ‘कॉल करणारे’ तांत्रिकदृष्ट्या आपण ठरता. दुसऱ्याचा नंबर लावून फसवणूक करणारेही नेमके हेच करत असल्यामुळे, आपल्या नावावर नसलेला नंबर पुढे जाऊ द्यायचा की नाही याची तपासणी ट्रंक देणारी कंपनी करते. आपल्याला मिळालेला 403 हा त्या तपासणीचाच नकार आहे.

त्याआधी मुख्य नंबर का दिसत होता, तर ट्रंकच्या ‘सीआयडी ऑप्शन्स’मध्ये (सीआयडी म्हणजे कॉलर आयडी) ‘ब्लॉक फॉरेन सीआयडीज’ किंवा ‘फोर्स ट्रंक सीआयडी’ निवडलेले असणार. पहिल्या पर्यायात बाहेरचे नंबर अडवून त्यांच्या जागी ट्रंकचा नंबर लावला जातो आणि दुसऱ्यात सरसकट ट्रंकचाच नंबर जातो.

यावरचा सरळ मार्ग असा की, मूळ नंबर पाठवायचा, पण हा कॉल आमच्या कोणत्या नंबरवर आला होता हेही सोबत सांगायचे. एसआयपीमध्ये फोनवर दिसणारा नंबर सहसा ‘फ्रॉम’ या हेडरमध्ये, म्हणजे कॉलसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत, असतो. ज्याच्या जबाबदारीवर कॉल चालला आहे त्याची ओळख ‘पी-ॲसर्टेड-आयडेंटिटी’मध्ये जाते, आणि कॉल कोणत्या नंबरवरून वळला हे ‘डायव्हर्शन’ हेडरमध्ये लिहिता येते. डायव्हर्शनचे वर्णन 2010 च्या आरएफसी 5806 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात आहे. प्रमाणित मार्ग म्हणून ‘हिस्टरी-इन्फो’ आहे, 2014 चा आरएफसी 7044, तरी ट्रंकवर जुना डायव्हर्शनच जास्त भेटतो. फ्रीपीबीएक्सच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘जनरेट डायव्हर्शन हेडर्स’ नावाचा पर्याय आहे, तो सुरू करावा लागेल.

मात्र त्याला हात लावण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा: "वळवलेल्या कॉलमध्ये फ्रॉममध्ये मूळ ग्राहकाचा नंबर आणि डायव्हर्शनमध्ये आमचा डीआयडी पाठवल्यास आपण तो कॉल स्वीकारता का, आणि नंबर कोणत्या स्वरूपात हवा?" फोनवर विचारू नका. "कॉलर आयडी येत नाही" एवढे ऐकून समोरचा माणूस मोबाइल बंद करून सुरू करायला सांगतो, हा माझा अनुभव आहे. नंबर अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडसह पाठवणे सर्वांत चांगले. त्या पद्धतीत एकूण आकडे जास्तीत जास्त पंधरा असतात आणि मोबाइलच्या संपर्कयादीशी जुळणीही नीट होते.

सहकाऱ्यांच्या कॉलसाठी वेगळे काही नको. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या ‘आउटबाउंड सीआयडी’मध्ये त्याचा स्वतःचा डीआयडी भरा. तीन आकडी एक्स्टेन्शन बाहेर पाठवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण मोबाइलवरून तो नंबर परत लावता येत नाही.

‘ऑफिस’ हा शब्द मोबाइलवर न दिसण्यात आपली चूक नाही. ईपीएबीएक्सने पाठवलेले नाव साध्या मोबाइल कॉलमध्ये सहसा वाटेतच गळून पडते. मोबाइलवर दिसणारे नाव बहुतेक वेळा त्या फोनच्या संपर्कयादीतून किंवा एखाद्या ॲपमधून आलेले असते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आपण दिलेले वाक्य जसेच्या तसे पाठवले आणि चौथ्या दिवशी होकार आला. ‘ब्लॉक फॉरेन सीआयडीज’च निवडलेले होते. ते बदलले, डायव्हर्शन सुरू केले, आणि आता ग्राहकाचा खरा नंबर मोबाइलवर दिसतो.

त्यातून तीन नवे प्रश्न उभे राहिले आहेत. पूर्वी ‘ऑफिस’ दिसल्यामुळे निदान कार्यालयाचा कॉल आहे एवढे तरी कळत होते. आता अनोळखी नंबर पाहून काही जण "हॅलो, कोण बोलतंय?" अशी सुरुवात करतात, जे ग्राहकाशी बोलताना बरे दिसत नाही. यावर नंबरच्या आधी 99 असा खुणेचा आकडा लावण्याची सूचना आली आहे. दुसरे, स्वतःचा नंबर लपवून फोन करणाऱ्यांचे कॉल अजूनही 403 ने परत जातात. तिसरे, ग्राहकांची यादी कार्यालयाच्या सर्व्हरवर असूनही मोबाइलवर त्यांची नावे दिसत नाहीत.

प्रतिसाद २

99 लावू नका. तसा नंबर संपर्कयादीतील नावाशी जुळण्याची खात्री राहत नाही, उलट लावल्यावर लागत नाही, आणि कंपनीच्या तपासणीतही अडकू शकतो. कॉलर आयडीच्या ओळीत एकच नंबर मावतो, म्हणून ‘कोणाचा’ हे तिथे दाखवायचे ठरवले की ‘कोणामार्फत’ हे दुसरीकडून सांगावे लागते.

विनाखर्चाचा उपाय आपल्याकडेच आहे. ‘फॉलो मी’मधील ‘कन्फर्म कॉल्स’ सुरू करून ‘रिमोट अनाउन्स’मध्ये "कार्यालयाचा कॉल आहे, स्वीकारण्यासाठी 1 दाबा" असा छोटा संदेश ध्वनिमुद्रित करून ठेवा. कर्मचाऱ्याने मोबाइल उचलला की आधी हा संदेश त्यालाच ऐकू येतो. ग्राहकाला तोवर घंटी ऐकू येत राहते. याचा आणखी एक फायदा असा की, मोबाइल बंद असताना त्याच्या व्हॉइसमेलने कॉल परस्पर उचलून टेबलावरची घंटी बंद पाडण्याचा प्रकार थांबतो, कारण व्हॉइसमेलला 1 दाबता येत नाही. ही अडचण आपण लिहिलेली नाही, पण नऊ मोबाइल जोडलेले असताना ती आली नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. संदेश चार सेकंदांपेक्षा मोठा नको.

नंबर लपवणाऱ्यांसाठी, फ्रॉममध्ये निनावी आणि पी-ॲसर्टेड-आयडेंटिटीमध्ये आपला मुख्य नंबर, सोबत नंबर गुप्त ठेवायला सांगणारे ‘प्रायव्हसी’ हेडर, ही पद्धत कंपनी स्वीकारत असल्यास उत्तम. नसल्यास एवढ्या कॉलपुरता आपला मुख्य नंबर दाखवा. नेमके काय बाहेर जाते हे ‘एसएनग्रेप’ हे एसआयपी संदेश दाखवणारे साधन चालवून स्वतः पाहावे, अंदाजाने बदल करू नयेत.

नावांबद्दल सांगायचे तर, मोबाइल कॉल आल्यावर आपल्या सर्व्हरला विचारायला जातोच असे नाही. यादी फोनच्या स्वतःच्या संपर्कयादीत उतरलेली असावी लागते. ईमेलच्या ॲपमध्ये संपर्क दिसत असले तरी ते फोनमध्ये जतन करण्याचा पर्याय वेगळा असतो आणि तो बहुधा बंद असतो. अँड्रॉइडवर कामासाठी वेगळे ‘वर्क प्रोफाइल’, म्हणजे खासगी ॲप्सपासून वेगळा ठेवलेला कप्पा, करून यादी त्यात ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण खासगी बाजूला बसवलेले एखादे कॉलर आयडी ॲप संपूर्ण संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागते तेव्हा ग्राहकांची माहितीही त्याच्या हाती जाण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

उलट दिशेसाठी, म्हणजे मोबाइलवरून ग्राहकाला कॉल करण्यासाठी, सॉफ्टफोन ॲप (इंटरनेटवरून कॉल करणारे ॲप) घ्या. ते आपल्या एक्स्टेन्शनसारखेच वागते, त्यामुळे त्यावरून केलेला कॉल कार्यालयाच्या नंबरने जातो. शिवाय त्यात येणारा कॉल डेटावरून येत असल्यामुळे आपण जोडलेला ‘ऑफिस’ हा शब्दही दिसू शकतो. आयफोनवर 2016 च्या आयओएस 10 पासून कॉलकिट या सोयीमुळे असे कॉल साध्या कॉलसारखेच पूर्ण स्क्रीनवर येतात. बाहेरून नंबर लावून आत शिरण्याची ‘डिसा’ची सोयही आहे, पण तिचा पासवर्ड फुटला की आपल्या खर्चाने परदेशी कॉल करणारे हजर झालेच म्हणून समजा; मी ती सुरू करणार नाही. ॲप घेतलेत तरी आपत्कालीन नंबर मात्र सिमवरूनच लागतील अशी मांडणी ठेवा, कारण ईपीएबीएक्समार्फत गेलेल्या कॉलमध्ये माणूस कुठेही असला तरी पलीकडे कार्यालयाचा पत्ता दिसू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

आपला अंदाज खरा निघाला. टेबलावरची घंटी मध्येच बंद पडते अशी तक्रार दोघांनी केली होती, मी ती फोनच्या उपकरणाचा दोष समजून बाजूला ठेवली होती.

सहा जणांना ॲप दिले आहे. ज्या तिघांच्या कामाच्या ठिकाणी डेटा नीट मिळत नाही त्यांच्यासाठी 1 दाबण्याची पद्धत ठेवली आहे. सुरुवातीला दोघांनी कुरकुर केली, पण गाडी चालवताना ब्लूटूथवर 1 दाबता येत नाही ही तिसऱ्याची अडचण मात्र रास्त आहे. त्याला तूर्त कार्यालयासाठी वेगळे सिम दिले आणि ‘फॉलो मी’मध्ये तोच नंबर घातला. फोनमध्ये दोन सिम असल्यामुळे कॉल कोणत्या सिमवर आला हे स्क्रीनवरच दिसते, म्हणून त्याच्यापुरता संदेश काढून टाकला आणि त्या सिमचे व्हॉइसमेल बंद करून घेतले. निनावी कॉलना मुख्य नंबर लावला, कारण दुसऱ्या पद्धतीला कंपनीने नकार कळवला.

आता एकच गोष्ट उरली आहे. एक सहकारी परदेशात रोमिंगवर असताना त्याच्या मोबाइलवर काही कॉलमध्ये ग्राहकाचा नंबर येतो आणि काहींमध्ये नुसते ‘अज्ञात’ दिसते. एसएनग्रेपमध्ये आमच्याकडून दोन्ही वेळा नंबर बरोबर गेलेला आहे.

प्रतिसाद १

मग तो आपल्या पलीकडे गळतो आहे. कॉल एका देशातून दुसऱ्या देशात जाताना मधल्या एखाद्या नेटवर्कने नंबर पुढे दिला नाही तर तो तिथेच हरवतो, आणि प्रत्येक कॉल त्याच वाटेने जाईल असेही नसते. परत येईपर्यंत त्यांना वायफायवर ॲप वापरायला सांगा आणि तेवढे दिवस ‘फॉलो मी’मधून त्यांचा मोबाइल काढून ठेवा.