सत्तरीनंतर सुपर टॉप-अप घ्यावा, की वय वंदना कार्ड आणि ठेव पुरे?

हिशेबनीस
आईवडिलांची पाच लाखांची जुनी पॉलिसी असेल तर ती चालू ठेवा आणि वर पाच लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे पहिले पाच लाख सोडून त्यावरचा खर्च देणारा जोडविमा, हे माझं मत. साधा टॉप-अप घेऊ नका. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं आली, तर साधा टॉप-अप एक रुपयाही देत नाही, कारण तो प्रत्येक बिल वेगळं मोजतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो. मूळ पॉलिसी पाच लाख देते, उरलेले तीन लाख सुपर टॉप-अपमधून मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

गोदाकाठ
साफ असहमत. बहात्तरीच्या माणसाला मधुमेह, रक्तदाब असतोच. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं, आणि नेमका त्याच काळात खर्च येतो. त्यापेक्षा आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, सरकारी योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरी पूर्ण असली की उत्पन्नाची अट नाही, आधारवर ई-केवायसी होते, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. खासगी विमा असला तरी कार्ड मिळतं. हप्त्याचे पैसे ठेवीत टाका.

हिशेबनीस
कार्ड जरूर काढा, फुकट आहे. पण ते पाच लाख कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून आहेत, नवराबायकोला वेगळे नाहीत. ते फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या पॅकेजवर चालतं. घराजवळचं रुग्णालय यादीत आहे का आणि हवा तो विभाग योजनेखाली घेतं का, हे आजच विचारून ठेवा. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती योजना किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. आणि पंधरा लाखांचं बिल आलं, तर दोन वर्षांच्या हप्त्यांची ठेव कुठवर पुरणार?

टीपीए-टेबल
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली. सुपर टॉप-अप मूळ पॉलिसीतली भोकं बुजवत नाही. समजा मूळ पॉलिसीत २० टक्के को-पे आहे, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आपण भरायचा, आणि बिल पाच लाखांचं. विमा चार लाख देईल, एक लाख खिशातून. सुपर टॉप-अप पाच लाखांच्या वरच सुरू होतो, त्यामुळे तो लाख कुणीच देत नाही. खोलीभाड्याचंही तसंच. मर्यादा रोज ५,००० आणि खोली १०,००० ची घेतली, तर डॉक्टर, शस्त्रक्रियागृह वगैरे खोलीशी निगडित खर्चही निम्मा कापला जाऊ शकतो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू नाही, पण डिस्चार्जच्या वेळी भांडण यावरूनच होतं.

दुसरी अडचण तारखांची. मूळ पॉलिसी जून ते मे आणि सुपर टॉप-अप जानेवारी ते डिसेंबर असेल, तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतली बिलं मूळ पॉलिसीच्या एकाच वर्षात येतात, सुपर टॉप-अपच्या दोन वर्षांत. डिडक्टिबल ओलांडतच नाही. दोन्ही एकाच तारखेला सुरू करा.

गोदाकाठ
म्हणजे मूळ पॉलिसीचीच रक्कम वाढवणं सरळ नाही का? एकच कंपनी, एकच क्लेम.

टीपीए-टेबल
वाढवलेल्या रकमेलाही प्रतीक्षा काळ नव्याने लागतो, वर हप्ता जास्त. मात्र को-पे किंवा खोलीभाड्याची अट जाचक असेल, तर तुमचं बरोबर. आधी नूतनीकरणाच्या ४५ दिवस अगोदर पोर्टचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याचा, अर्ज करा, जुन्या रकमेपुरता भरलेला प्रतीक्षा काळ सोबत येतो. पोर्ट मंजूर होईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका, या वयात अर्ज नाकारला जाऊ शकतो.

सुपर टॉप-अप घेतलात तर दाखल होतानाच दोन्ही कंपन्यांना कळवा, बिल पाच लाखांच्या आत राहील असं वाटलं तरी. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे जातात. तिच्याकडून सेटलमेंट लेटर आणि शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्या. दुसऱ्या कंपनीत फाइल अडते ती बहुधा याच कागदांसाठी. आणि अर्जात जुनी अँजिओप्लास्टी, थायरॉइडची गोळी, सगळं लिहा, एजंट नको म्हणाला तरी.