शब्दचर्चा: 'बीम' म्हणजे झोत, शलाका की रोख?

प्रतापनगर
नमस्कार. नागपुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. रेडिओ दुर्बिणींवर मुलांसाठी मराठीत टिपण लिहून राहिले, आणि 'बीम' (दुर्बीण आकाशाच्या ज्या अरुंद पट्ट्यातून लहरी घेते तो) व 'कॅलिब्रेशन' (यंत्राची मूळची चूक मोजून काढणं) या दोन शब्दांवर गाडी अडली आहे. बीम म्हटलं की पोरांना स्लॅबखालचा बीम दिसतो. 'झोत' लिहिलं, तर एकीनं विचारलं, "मॅडम, दुर्बीण आकाशात उजेड टाकते का?" तिचं बरोबर होतं. ही दुर्बीण काही टाकत नाही, नुसती घेते. आणि कॅलिब्रेशनला 'अंशशोधन' म्हणतात, पण इथे अंश कुठे आहेत?

धरमपेठ
ताई, बीमला परिभाषेत 'शलाका' आहे. शलाका म्हणजे बारीक काडी, डोळ्यांत अंजन घालायची सळई. आकार कळतो, पण तीही बाहेर निघाल्यासारखीच वाटते. मी 'रोख' सुचवतो. 'त्याच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता' म्हणतो ना, तोच. उटीची दुर्बीण घ्या. १९७० साली उभी राहिली, ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि तिच्या मधल्या रेषेवर लहरी पकडणारे १०५६ द्विध्रुव (डायपोल). पूर्व-पश्चिमेला ती यंत्रानं फिरते, पण उत्तर-दक्षिण फिरताना लोखंड जागचं हलत नाही. प्रत्येक द्विध्रुवाच्या लहरीची कला (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) थोडी थोडी पुढेमागे केली की दुर्बिणीचा रोख वळतो. 'झोत वळतो'पेक्षा हे खरं आहे.

महाल
रोख म्हणजे नगदसुद्धा. 'रोख मोजणे' लिहिलं तर मुलं नोटा मोजतील. शिवाय बीमला रुंदी असते, रोखाला नसते. आणि बाजूचे लोब, म्हणजे मुख्य बीमशेजारचे छोटे फुगवटे? त्यांना काय म्हणणार?

धरमपेठ
रुंदीचा मुद्दा मान्य. मग आकृतीसाठी 'शलाका' ठेवा आणि दिशेसाठी 'रोख'. लोबला 'पाकळी' म्हणावं: मधली मोठी पाकळी, बाजूच्या लहान पाकळ्या. आलेख काढला की तसाच दिसतो.

इतवारी
दुसऱ्या शब्दाबद्दल सांगतो. आमचं धान्याचं दुकान होतं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत बाबा रिकामा काटा उचलून पाहत. एक पारडं झुकलं तर दुसऱ्यात लोखंडाचा तुकडा नाहीतर खडा टाकत. तो पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो, तो हाच. तुम्ही म्हणता ते काम मला पासंग पाहण्यासारखं वाटून राहिलं.

धरमपेठ
दादा, अगदी नेमकं! अंशशोधन तापमापीला शोभतं, तिथे नळीवर खुणा करायच्या असतात. इथे शेकडो आकाशक (अँटेना) आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा पासंग आहे. एकाचं प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) जास्त जोरात, दुसऱ्याची तार लांब. उटीची दुर्बीण ३२६.५ मेगाहर्ट्‌झवर ऐकते, म्हणजे लहर सुमारे ९२ सेंटिमीटरची. पाव लहर झाली २३ सेंटिमीटर, एक वीत. तारेत लहर हवेपेक्षा हळू चालते, म्हणून वीतभर तार जास्त झाली तरी पाव लहरीहून अधिक चूक. अशा चुका साचल्या की मधली पाकळी खुजी होते, बाजूच्या फुगतात, आणि भलत्याच दिशेचा तेजस्वी स्रोत आत डोकावतो.
पासंग काढायला ओळखीचं वजन लागतं. इथे ते काम हंस किंवा शर्मिष्ठा तारकासमूहातला प्रखर रेडिओ स्रोत करतो. त्याची जागा ठाऊक असते, म्हणून कुठल्या आकाशकात लहर किती उशिरा पोचायला हवी ते आधीच काढता येतं. प्रत्यक्ष मोजणीतला फरक म्हणजे पासंग. पाकळ्यांचा आकार तपासायला हल्ली ड्रोनला छोटा प्रेषक बांधून वरून फिरवतात.

महाल
शब्द आवडला. पण 'पासंग' हे नाम झालं, क्रियापद कोणतं? 'पासंग करणे' म्हणत नाहीत.

इतवारी
आम्ही 'पासंग काढणे' म्हणत होतो.

प्रतापनगर
तर टिपणात असं लिहिते: 'आधी प्रत्येक आकाशकाचा पासंग काढतात, मग सगळ्यांच्या कला जुळवतात, तेव्हा शलाकेचा रोख हव्या त्या ताऱ्याकडे लागतो.' अंशशोधन हा शब्द परीक्षेपुरता खाली देईन. एकच शंका आहे. पासंग एकदा काढला की झालं, असं मुलांना वाटेल. दुर्बिणीत तर ऊन चढलं तरी तारा आणि प्रवर्धक बदलतात.

इतवारी
नाही हो मॅडम, म्हणूनच सांगितलं ना, सकाळी. पारड्याला रात्रभरात पीठ-धूळ चिकटते. बाबा पासंग रोज पाहत.