सरफेसीची (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आलीय. खाली माग, वर घर, दोन्ही तारण. आता काय करता येतं?

खर्चीवाला_इचल:
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. खाली माग, वर आम्ही राहतो, आई, बायको, दोन पोरं. सगळं एकाच प्रॉपर्टी कार्डावर, नाव आईचं आणि माझं. साडेपाच वर्षांपूर्वी हेच घर तारण देऊन एका खासगी बँकेकडून फर्मच्या नावावर ३२ लाखांचं मॉर्गेज लोन काढलं. १२ वर्षं, ११.२५ टक्के, हप्ता ४०,५८९. आठ साधे माग मोडीत घालून चार सेकंडहँड रॅपियर (बिनधोट्याचे माग) घेतले. ६० हप्ते एकही न चुकवता भरले. मग ज्याची बीमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) खर्चीवर, म्हणजे मजुरीवर, विणत होतो त्या व्यापाऱ्यानं सहा लाख अडकवले. आज देतो, उद्या देतो करत पाच हप्ते थकले.

नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं आली तेव्हा मी खाली मागावर होतो. आईनं सही करून लिफाफा घेतला आणि बँकेचा कागद म्हणून देव्हाऱ्यात समईमागं ठेवला. आठ दिवसांनी दिवे घासताना सापडला. आत लिहिलंय, ६० दिवसांत २४ लाख ६० हजार भरा. थकलेत दोन लाख, हे २४ कुठून काढले? वर परवा रात्री सव्वानऊला वसुलीवाले दोघे दारात उभे, पोरांना विचारतात "बाबा कुठं लपलेत?" मी आत जेवत होतो, लपलो नव्हतो.

घर जाणार का? तारखा कुठून मोजायच्या? वकील आत्ताच गाठू का नंतर?

बिनधास्त_७७:
घाबरू नका भाऊ. घर वहिनींच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका आणि दिवाणी कोर्टातून स्टे आणा. आमच्या पाहुण्यानं असंच केलं, पाच वर्षं झाली, बँक हात लावू शकली नाही.

पेन्शनीतला_वसुलीवाला:
बिनधास्त, पाहुण्यांचं कर्ज बहुतेक पतसंस्थेचं असणार. तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला चालतो, सरफेसी नाही. इथली गोष्ट वेगळी. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही की भाड्यानं देता येत नाही, कलम १३(१३). बक्षीसपत्र केलंत तर पुढं कर्जवसुली न्यायाधिकरणात (डीआरटी) पहिला प्रश्न तुमच्या हेतूवरच येईल. आणि दिवाणी कोर्टाला या विषयात अधिकारच नाही, कलम ३४.

आता खर्चीवाले, तुमच्याकडं येतो. मी २१ वर्षं वसुलीत होतो. दारावर नोटीस चिकटवायला जाणारा माणूस मीच. त्यामुळं आतून काय दिसतं ते सांगतो.

२४ लाख कुठून आले? खातं ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. मग बँक फक्त थकलेले हप्ते मागत नाही, उरलेलं सगळं कर्ज एकदम परत मागते. पण व्यवहारात बहुतेक शाखा थकबाकी पूर्ण भरली तर ऐकतात. पूर्ण म्हणजे पूर्ण. एक-दोन हप्ते भरून खातं सुधारत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. लोक बायकोच्या बांगड्या मोडून दोन हप्ते भरतात आणि वाटतं वेळ मिळाला. काही मिळालेलं नसतं. भरायचे तर पाचही भरा, आणि त्याआधी बँकेकडून लिहून घ्या की एवढ्यावर खातं नियमित करू.

तारीख नोटिशीवरच्या तारखेपासून मोजा, पाकीट फोडलं त्या दिवसापासून नाही. देव्हाऱ्यातले आठ दिवस गेले ते गेले.

या ६० दिवसांत लेखी उत्तर द्या. कलम १३(३अ). बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. ही तरतूद २००४ च्या दुरुस्तीनं आली, त्याच वर्षी मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बँकांना याबद्दल ऐकवलं होतं. शंभरातले नव्वद कर्जदार हे उत्तर देतच नाहीत. मॅनेजरला जाऊन भेटतात, चहा पितात, "बघू या" ऐकून घरी येतात. माझ्या फायलीत चहाची नोंद नसायची.

उत्तरात काय लिहायचं? खात्याचा उतारा मागा, दंड किती लावला ते बघा. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का तुमची? असेल तर २०१६ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणं आजारी लघुउद्योग म्हणून पुनर्रचना मागा, ती २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना आहे. पण हे याच उत्तरात मागा. ताबा घ्यायला आल्यावर उद्यमचा कागद दाखवणाऱ्याला कोर्ट फार विचारत नाही.

आणि वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, दारात येऊन पोरांना असलं विचारणं तर सोडाच. तारीख-वेळ लिहून बँकेत तक्रार द्या. ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाते, फुकट.

खर्चीवाला_इचल:
काका, उद्यम नोंदणी आहे. ६० दिवस संपले आणि पैसे नाही जमले तर लगेच बाहेर काढतात का?

पेन्शनीतला_वसुलीवाला:
नाही. आधी सांकेतिक ताबा. दारावर नोटीस, आणि दोन पेपरांत जाहिरात, त्यातला एक मराठी. घर तुमच्याकडंच असतं, पण गल्लीत कळतं. त्या दिवसापासून ४५ दिवसांत तुम्हाला डीआरटीत दाद मागता येते, कलम १७. तुमचं डीआरटी पुण्याचं. वकील तेव्हा लागतोच, पण आत्ता उत्तरासाठीच घ्या, स्वस्त पडेल. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडं कलम १४ चा अर्ज करते. मग पोलीस, पंच, कुलूप.

लिलावाला राखीव किंमत ठरवायला मूल्यांकन लागतं, आणि विक्रीआधी तुम्हाला ३० दिवसांची नोटीस. सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण पैसे भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच. २०१६ ला कायदा बदलला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो तसाच वाचला. पूर्वी लोक लिलावाच्या आदल्या रात्री पैसे घेऊन यायचे, मी बघितलेत, पिशवीत नोटा. आता ते चालत नाही.

सोलापूरकरीण:
मी यातून गेलेय म्हणून लिहिते. यांची खानावळ बसली, फ्लॅट गहाण. सांकेतिक ताब्याची नोटीस आली तेव्हा सासरे पेपर उघडून बसलेले. काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून पेपर घडी घालून ठेवला. त्याच आठवड्यात ठरवलं, लिलाव होऊ द्यायचा नाही, आपणच विकायचा.

बँकेच्या मूल्यांकनात ४१ लाख धरले होते. आम्हाला गिऱ्हाईक मिळालं ४९ ला. बँकेकडून लेखी संमती आणि आजअखेरची पूर्ण रक्कम किती ते पत्र घेतलं. इसार सोडून बाकीचा डीडी गिऱ्हाइकाच्या बँकेनं थेट आमच्या कर्जखात्याच्या नावानं काढला. आमच्या हातात ११ लाख उरले, त्यातून भाड्याचं घर आणि पोरीची फी. लिलावातही जास्तीचे पैसे परत मिळतात म्हणे, पण तिथं ४९ कुणी दिले असते?

ओटीएसचीही (ठरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवायचं) ऑफर होती. व्याज थोडं सोडत होते, पण सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) "सेटल्ड" पडणार होतं. आम्ही पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घेतलं. तो आमचा निर्णय, तुमचं गणित तुम्ही बघा. मूळ कागद मात्र मागे लागून घ्या. वैयक्तिक कर्जांत डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये; फर्मच्या कर्जाला हे लागतं का ते विचारून घ्या. हे वाक्य अर्जात लिहिल्याबरोबर आमची फाइल सापडली.

सहकारातला:
सहकारी बँकेलाही सरफेसी लागू आहे बरं का. हा वाद २०२० मध्ये घटनापीठानं मिटवला, प्रकरण आपल्या मुरगूडच्याच एका सहकारी बँकेचं होतं. आणि ओटीएस हा हक्क नाही, बँक नाही म्हणू शकते, २०२१ चा निकाल आहे. खर्चीवाले, त्या व्यापाऱ्याचं काय? उद्यम नोंदणी कामाच्या आधीची असेल तर ४५ दिवसांवरच्या उशिराला बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथं टाका.

पेन्शनीतला_वसुलीवाला:
एक राहिलं. ते रॅपियर बँकेकडं हायपोथिकेट (ताबा तुमच्याकडं ठेवून तारण) आहेत का, की फक्त घर तारण आहे? मंजुरीपत्र उघडून बघा.

खर्चीवाला_इचल:
फक्त घर तारण आहे. आत्ताच मंजुरीपत्र काढून वाचलं, साडेपाच वर्षांत पहिल्यांदाच. म्हणजे दोन रॅपियर विकून पाच हप्ते आणि वरचा दंड निघतो, आणि उरलेल्या दोनवर नवा हप्ता ओढेल की नाही ते बघायचं. पुनर्रचनेत मुदत वाढवून मागतोय.

मंगळवारी वकिलांनी लिहिलेलं उत्तर शाखेत दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. साहेब म्हणाले "बसा, चहा घ्या." प्यायलो, पण शिक्का आधी घेतला. विट्याची एक पार्टी उद्या माग बघायला येतेय. व्यापाऱ्याविरुद्ध पोर्टलवर अर्ज टाकला, त्याचा आज लगेच फोन आला, तीन महिने उचलत नव्हता.

आईनं लिफाफा परत देव्हाऱ्यातच ठेवलाय. फक्त ६० वा दिवस कोणता ते मी वर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.