'युनिक व्हिजिटर' म्हणजे 'एकमेव अभ्यागत'?

ओळंबा
वैयक्तिक ब्लॉगवर किती जण आले ते मोजणाऱ्या एका मोफत, मुक्तस्रोत साधनाचा मराठी अनुवाद तपासतो आहे. पहिल्याच पडद्यावर चार ओळी आहेत: हिट्स, पेजेस, व्हिजिट्स, युनिक व्हिजिटर्स. आधीच्या मसुद्यात त्यांना अनुक्रमे 'आघात', 'पाने', 'भेटी' आणि 'एकमेव अभ्यागत' म्हटले आहे. शेवटच्या ओळीपुढे ३४० असा आकडा येतो. एकमेव म्हणजे एकच एक. मग ३४० एकमेव कसे? 'अद्वितीय' केले तर प्रत्येक वाचकाचा गौरव केल्यासारखे होते. पर्याय सुचवा. जागा साधारण पंधरा अक्षरांची आहे, मोबाइलवर त्याहून लांब ओळ तुटते.

निरुक्ता
'एकमेव' काढाच. इंग्रजी शब्दाचे इथे दोन अर्थ गुंतले आहेत: अतुलनीय, आणि पुन्हापुन्हा न मोजलेला. आपल्याला दुसरा हवा आहे, आणि तो मराठीत विशेषणाविनाच येतो. "किती माणसे येऊन गेली?" असे विचारले की तोच माणूस कोणी दोनदा धरत नाही. "किती खेपा झाल्या?" म्हटले की धरतो. तेव्हा 'माणसे' आणि 'खेपा' एवढी जोडी पुरे.

'अभ्यागत' म्हणजे अभि + आ + गत, समोर येऊन ठाकलेला. अर्थ बरोबर आहे, पण 'अभ्यागत कक्ष' आणि 'अभ्यागत प्राध्यापक' सोडले तर तो कोणाच्या तोंडी नसतो. 'पाहुणा' घरगुती आहे, मूळ प्राकृत 'पाहुण'. 'आगंतुक' मात्र टाळा. हिंदीत तो साधा येणारा, मराठीत न बोलावता आलेला.

सर्व्हरवाला
'माणसे' हा शब्द इथे खोटा ठरेल, कारण यंत्र माणसे मोजतच नाही. एडब्ल्यूस्टॅट्ससारखे साधन सर्व्हरची, म्हणजे ब्लॉग पुरवणाऱ्या संगणकाची, नोंदवही वाचते आणि वेगवेगळे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) मोजते. एका कार्यालयातले वीस जण एकाच पत्त्यामागून आले तर तो एकच. गूगल अ‍ॅनालिटिक्स ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, ठेवते, म्हणजे फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर वाचणारा एकच माणूस दोनदा धरला जातो. सफारी ब्राउझर तर स्क्रिप्टने (पानातल्या छोट्या प्रोग्रॅमने) ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसतो, त्यामुळे पंधरवड्याने येणारा नेमाचा वाचक दर वेळी 'नवा' दिसतो. प्लॉझिबल हे साधन कुकी ठेवत नाही. आयपी, ब्राउझरची ओळख, साइटचे नाव आणि रोज बदलणारे एक गुप्त बीज यांतून सांकेतिक खूण बनवते. बीज बदलले की कालचा वाचक आज ओळखू येत नाही. आठवड्यात पाच दिवस आलेला एकच जण तिथे पाच होतो.

'आघात' तर सर्वस्वी चूक. हिट म्हणजे सर्व्हरकडे आलेली एक मागणी. एका लेखाच्या पानात एक एचटीएमएल (मजकुराची फाइल), दोन सीएसएस (मांडणीच्या फाइली), तीन स्क्रिप्ट आणि चौदा चित्रे असली तर एकदा पान उघडल्यावर वीस हिट्स, एक पान, एक भेट. 'मागण्या' लिहा किंवा 'विनंत्या'.

खटका
मग 'खानेसुमारी'! फारसी खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. 'शिरगणती' डोकी मोजते, 'खानेसुमारी' मुळात घरे मोजते. यंत्र ब्राउझर मोजते, म्हणजे वाचक ज्यात बसून वाचतो ते घर. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना 'युनिक'च्या मागे का लागायचे?

शुद्धमती
'खानेसुमारी'च्या जागी 'जनगणना' कधीच रुळला आहे, जुना शब्द उकरून काढू नये. परिभाषेला एकसारखेपणा हवा: व्हिजिटर म्हणजे 'अभ्यागत', सेशन म्हणजे 'सत्र', ट्रॅफिक म्हणजे 'रहदारी', आणि स्टॅटिस्टिक्स म्हणजे 'सांख्यिकी'. तोंडी नसलेले शब्द वापरल्यानेच तोंडी येतात.

निरुक्ता
शेवटचा तरी मागे घ्या. 'सांख्यिकी' हे शास्त्राचे नाव आहे. ब्लॉगवर दिसते ती 'आकडेवारी'. 'रहदारी' रस्त्यावरून पुढे निघून जाणाऱ्यांची असते. आपल्या दाराशी होते ती 'वर्दळ', आणि त्याच माणसांचे नित्य येणेजाणे असेल तर 'राबता'. नवे आणि परतून आलेले वाचक वेगळे दाखवणाऱ्या तक्त्याला 'वर्दळ' आणि 'राबता' ही जोडी किती नेमकी बसते पाहा.

पानाडी
शब्द ठरवण्याआधी 'भेट' म्हणजे काय तेही ठरलेले नाही, हे ध्यानात घ्या. गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि मॅटोमो या साधनांत तीस मिनिटे हालचाल नसली की भेट संपते. एडब्ल्यूस्टॅट्समध्ये ती मुदत एक तासाची आहे. गोटकाउंटर आठ तासांपर्यंत तीच ओळख धरून ठेवते. क्लाउडफ्लेअरचे मोफत वेब अ‍ॅनालिटिक्स वेळ पाहतच नाही: दुसऱ्या साइटवरून किंवा थेट आलेले पान म्हणजे एक भेट, साइटच्या आतल्या दुव्यावरून उघडलेले पान भेटीत धरत नाही. म्हणून एकाच ब्लॉगवर दोन साधने लावली की दोन निराळे आकडे येतात आणि लोकांना एक बिघडले आहे असे वाटते. दोन्ही नीट चाललेली असतात.

निवड करणाऱ्याने आधी ब्लॉग कुठे आहे ते पाहावे. गूगलच्या ब्लॉगर सेवेवर सर्व्हरची नोंदवही हाती येत नाही, त्यामुळे एडब्ल्यूस्टॅट्स बाद. थीमच्या एचटीएमएलमध्ये, हेड बंद होणाऱ्या खुणेच्या (</head>) लगेच आधी, स्क्रिप्ट चिकटवावी लागते. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत स्क्रिप्ट चालत नाही, तिथे अंगचीच आकडेवारी वापरायची. स्वतःची होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) असेल आणि पीएचपी (प्रोग्रॅमची भाषा) व मायएसक्यूएल (डेटाबेस) मिळत असेल तर मॅटोमो मोफत बसवता येते, पण नोंदींनी डेटाबेस फुगतो, जुन्या नोंदी ठरावीक मुदतीने पुसण्याची सोय सुरुवातीलाच चालू करावी. एकट्याच्या ब्लॉगला माझे मत गोटकाउंटरला: हलके आहे, कुकी नाही, आणि कोणता लेख किती वाचला एवढे नेमके सांगते.

स्वतःच्या भेटी आयपी पत्त्याने वगळू नका. घरच्या जोडणीचा पत्ता बदलत राहतो आणि काही दिवसांत तुमचीच वर्दळ आकड्यात शिरते. ब्राउझरनिहाय वगळण्याची सोय असेल तर ती घ्या. मात्र कुकीवर चालणारी असेल तर कुकी पुसल्यावर पुन्हा लावावी लागते.

शुद्धमती
मुदत कोणतीही असो, 'सत्र' चालतेच.

खटका
सत्र म्हटले की शाळेचे किंवा अधिवेशनाचे डोळ्यांपुढे येते, कोणीतरी आधी ठरवून भरवलेले. वाचकाची खेप कोणी भरवत नाही. 'खेप'च हवी.

आणि बाउन्स रेटचे, म्हणजे आल्यापावली परतलेल्या भेटींच्या प्रमाणाचे, काय? 'उसळी दर' असे भाषांतर पाहिले आहे. उसळी वर जाते. भाव उसळी घेतात, आणि इथे वाचक निघून जातो. चेक बाउन्स झाला तर मराठीत तो 'वटला नाही'. म्हणून 'न वटलेल्या भेटी'.

सर्व्हरवाला
शब्द फार चांगला, पण कोणत्या बाउन्ससाठी? गूगलच्या मोजणीच्या जुन्या पद्धतीत, जी १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली, एकच पान पाहून गेलेली भेट म्हणजे बाउन्स. दोन हजार शब्दांचा लेख अथपासून इतिपर्यंत वाचून गेलेला वाचकही त्यात. त्याला 'न वटलेला' म्हणणे अन्याय आहे. नव्या पद्धतीत दहा सेकंदांहून अधिक टिकलेली, दोन किंवा अधिक पाने पाहिलेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झालेली भेट 'एंगेज्ड' (गुंतलेली) धरतात, उरलेल्या बाउन्स. तिथे 'वटलेली' आणि 'न वटलेली' बरोबर बसते. मॅटोमोत बाउन्स अजून एका पानाचीच आहे. अनुवाद साधनागणिक बदलावा लागेल.

निरुक्ता
एका पानाची असेल तर 'एकपानी भेटी' म्हणा. त्यात निंदा नाही, मोजले तेच सांगितले आहे.

शुद्धमती
एकाच इंग्रजी संज्ञेला दोन मराठी शब्द दिले तर वाचक गोंधळेल. परिभाषाकोशाचा हेतूच बुडतो.

सर्व्हरवाला
गोंधळ इंग्रजीत आधीच आहे. एका शब्दाखाली दोन मापे लपली आहेत. मराठीत ती उघडी पडली तर वाचकाचा फायदाच.

ओळंबा
'मागण्या', 'पाने' आणि 'भेटी' घेतले. 'खेप' आवडला, पण तक्त्यात 'नव्या खेपा' वाचून मालवाहतूक आठवते. ३४० च्या ओळीत सध्या 'वेगवेगळे वाचक' टाकले आहे. सर्व्हरवाल्यांचा आक्षेप पटतो, कारण त्यात शोधयंत्रांचे बॉटही (आपोआप पाने चाळणारे प्रोग्रॅम) असतात आणि ते वाचक नव्हेत. एडब्ल्यूस्टॅट्ससारखी साधने ओळखीचे बॉट नावावरून वेगळे काढतात, पण ब्राउझरचे नाव लावून आलेले आत राहतात.

पानाडी
'वाचक'ऐवजी 'येणारे' लिहा. 'वेगवेगळे येणारे'. बॉटही येतोच.

निरुक्ता
'येणारे' म्हणजे अजून यायचे आहेत असेही वाचता येते. 'येऊन गेलेले' हवे.

खटका
ते पंधरा अक्षरांत बसते, पण आकड्याला जोडून वाक्य बनेल तिथे पाहा. अनुवादाच्या फाइलीत एकवचन आणि अनेकवचन असे दोनच साचे आहेत, आणि एक सोडून प्रत्येक आकड्याला अनेकवचन लागते. '१ भेट', '२ भेटी' ठीक. शून्याला '० भेटी' येणार. हे तुमच्या कानाला चालते का? मला 'एकही भेट नाही' असे स्वतंत्र वाक्य हवे वाटते, आणि त्यासाठी तिसरा साचा नाही.

शुद्धमती
'शून्य गुण' म्हणतो, 'शून्य धावा' म्हणतो. अनेकवचनच बरोबर.

खटका
'शून्य धावा' हे क्रिकेटच्या समालोचनातून आले. 'शून्य माणसे आली' असे कोण म्हणते?